विचार करून वळणारी गाडी

आमच्या घरात मुली दोन. थोरली म्हणजे बाबांची गाडी आणि धाकटी मी. गाडी माझ्या आधी सव्वा वर्ष घरात आली, म्हणून मान तिचा. तिला कुठे खरचटलं की बाबांचं दोन दिवस जेवणात लक्ष नसतं. मला गोवर आला होता तेव्हा, आईच्या सांगण्यानुसार, त्यांनी दोनदा मागून घेतलं होतं.

अर्थात थोरली कमावती आहे. तिच्या टपावर बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी आहे, शेजारच्या सीटपुढे बाबांसाठी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच आहे, आणि मागच्या काचेवर बाबांचं तत्त्वज्ञान रंगवलेलं आहे: ‘वळण यायच्या आधी वळा.’ लोकांना हे वाक्य फार खोल वाटतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी सिग्नलला शेजारी थांबून ते डायरीत उतरवून घेतलं होतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच होता की थोरलीचं स्टीअरिंग फिरवलं तरी थोरली लगेच वळत नसे. आपण फिरवायचं, ती जरा सरळ जायची, आपण वाट बघायची, मग ती वळायची. दुपारी झोपेतून उठवलेलं माणूस ज्या उत्साहाने दार उघडायला येतं, त्या उत्साहाने.

हे एका दिवसात झालं नव्हतं. चार वर्षांत रोज कणभर झालं होतं. आणि बाबाही रोज कणभर आधी वळत गेले होते, त्यामुळे त्यांना फरक असा जाणवलाच नाही. चार वर्षांनी ते वळणाच्या एक गाडीभर आधी वळू लागले होते आणि त्याला दूरदृष्टी म्हणू लागले होते. ही दूरदृष्टी पुढे त्यांच्या पायांत उतरली. स्वयंपाकघराच्या दाराशी आले की ते दार यायच्या आधीच वळायचे आणि डावा खांदा चौकटीला घासून आत जायचे. आईने ती चौकट तीनदा रंगवली आणि मग नाद सोडला. आता ती जागा खांद्याच्या उंचीवर आरशासारखी गुळगुळीत झाली आहे.

मीही थोरलीवरच गाडी शिकले. म्हणून मी बसने जाते. स्कूलच्या पुढच्या खोलीत मी रस्त्यावरच्या खुणांचा वर्ग घेते, कारण खुणा आपल्या जागी उभ्या असतात आणि उशिरा वळण्याचा प्रश्न येत नाही.

तर हे सगळं सुखात चाललं होतं. पूर्वी लायसन्सची टेस्ट ज्या त्या स्कूलच्या गाडीवर व्हायची. थोरलीवर शिकलेली माणसं थोरलीवरच टेस्ट द्यायची आणि झाडून पास व्हायची. पुढे ती दुसऱ्या गाड्यांमध्ये बसून काय करायची हे विचारायला आम्ही कोणाच्या मागे गेलो नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चष्म्याच्या दुकानदाराने पायरीसमोर एक लोखंडी खांब रोवून घेतला होता, पण त्याचं कारण त्याने कधी सांगितलं नाही आणि बाबांशी बोलणंही त्याच सुमारास बंद केलं.

आठ महिन्यांपूर्वी लायसन्सच्या ऑफिसने स्वतःची गाडी घेतली. पांढरी, कोरी, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली. यापुढे सगळ्यांची टेस्ट याच गाडीवर, असा नियम निघाला. तेव्हापासून आमचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच वळणाला, वळण यायच्या आधी, आत्मविश्वासाने वळून मैदानातल्या कट्ट्यावर चढू लागला. परीक्षक साहेब प्रत्येकाच्या फॉर्मवर एकच शेरा लिहायचे: ‘वळणाआधीच वळतात.’

बाबांनी तो शेरा लाल पेनने अधोरेखित करून वर्गातल्या फळ्यावर लावला. त्यांना ते कौतुक वाटलं होतं. मग मुलं नापास का होतात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ऑफिसची गाडी उतावळी आहे. तिला दम नाही. नुसता हात लावला की वळते. “आपली थोरली विचार करून वळते,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात मी कधीच ऐकला नव्हता असा अभिमान होता. निदान माझ्या संदर्भात तरी.

आणखी वर्षभर आम्ही याच अभिमानावर काढलं असतं, पण मध्ये आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वय सेहेचाळीस, बाबांच्या लेखी अजून छोटी. सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात बसून ती एकोणीस वर्षं पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारत होती. तळघराला एक खिडकी आहे, ती रस्त्याच्या पातळीला. त्यामुळे आत्या गावातल्या माणसांना चपलांवरून ओळखते. रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्या खिडकीतून तिला फिरत्या वाचनालयाच्या व्हॅनची चार चाकं बाहेर जाताना दिसायची आणि संध्याकाळी परत येताना. व्हॅनचा वरचा भाग तिने फारसा पाहिलेला नव्हता, पण तो तिला हवा होता.

महिनाअखेरीस व्हॅनचा चालक निवृत्त होणार होता. ग्रंथपाल बाईंनी आत्याला सांगून ठेवलं होतं की महिना संपायच्या आत लायसन्स आणलं तर व्हॅन तुमची, नाहीतर बाहेरचा माणूस घेऊ. बाहेरचा माणूस ठरलेलाही होता. तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि आत्याने चौकशी केली, त्याची तब्येत उत्तम होती. म्हणजे आता नाही तर थेट पुढच्या जन्मी.

आत्या दोनदा टेस्टला बसली आणि दोनदा कट्ट्यावर चढली. दुसऱ्यांदा तर परीक्षक साहेबांनी कट्ट्यावरच बसल्या बसल्या शेरा लिहिला. तिसरी टेस्ट महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी होती. त्यानंतर महिनाच नव्हता.

त्या दिवशी घरी येऊन तिने फॉर्म टेबलावर ठेवला आणि बाबांना विचारलं की दोष गाडीतच तर नाही ना. बाबा उठले, स्वयंपाकघरात जायला वळले, चौकटीला खांदा घासला आणि पाणी न पिताच परत आले.

पुढचे तीन दिवस बाबांनी थोरलीवर स्वतः उपचार केले. गाडीत दोष नाही, पण असला तर बाहेरचा असेल, आतला नसेल, अशी त्यांची भूमिका होती. पहिल्या दिवशी त्यांनी टायरमध्ये हवा भरली. दुसऱ्या दिवशी स्टीअरिंगला नवं, जाड, केसाळ कव्हर घातलं, कारण विद्यार्थ्यांच्या हाताला घाम येतो. तिसऱ्या दिवशी टायरवाल्याकडून अलाइनमेंट, म्हणजे चाकं एका रेषेत, करून आणलं आणि त्या कागदाला पारदर्शक पाकिटात घालून डॅशबोर्डवर ठेवलं. चौथ्या दिवशी आत्याने थोरली चालवली. थोरली आता केसाळ झाली होती आणि तेवढ्याच उशिरा वळत होती.

“तुमचं गाडीचं वैद्यकशास्त्र संपलं असेल तर एखाद्या मेकॅनिकला दाखवा,” आई भाजी निवडताना म्हणाली. ती भाजीकडे बघून बोलली, पण भाजीला गाडी नव्हती.

बाबांना दुपारी पाऊण तास झोप लागते. त्या पाऊण तासात आत्या आणि मी थोरलीला घेऊन थांबा मिस्तरींकडे गेलो.

थांबा मिस्तरींचं खरं नाव त्यांच्या पाटीवर होतं, पण पाटी ग्रीसने भरल्यामुळे ते कोणाला वाचता येत नाही. गिऱ्हाईक काहीही बोलायला लागलं की ते म्हणतात, ‘थांबा.’ गेटच्या खांबावर त्यांनी तोच शब्द पांढऱ्या पत्र्यावर लिहून टांगला आहे, म्हणजे गिऱ्हाईक आत यायच्या आधीच अर्धं बोलणं होऊन जातं.

आत्या सांगायला लागली. मिस्तरी म्हणाले, थांबा. मग त्यांनी गाडी समोर सरळ उभी करायला लावली, केसाळ कव्हर दोन बोटांनी उंदीर उचलावा तसं काढून बाजूला ठेवलं आणि खिशातून खडू काढला. मला पुढच्या चाकाजवळ बसवलं आणि चाक हललं की ‘हललं’ म्हणायला सांगितलं. मग ते स्टीअरिंग एका बाजूला हळूहळू फिरवू लागले. मी चाकाकडे बघत बसले. बराच वेळ गेला. एक मुंगी चाकावर चढून उतरली. मग चाक हललं. मी ‘हललं’ म्हणाले. मिस्तरींनी खडूने खूण केली. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं. दोन खुणांमध्ये माझे दोन्ही पंजे मावत होते.

“एक अंगठा चालतो,” मिस्तरी म्हणाले. “इथे आख्खा माणूस बसेल.”

मग ते गाडीखाली गेले आणि आत्यालाही बोलावलं. दुसऱ्या कोणी पदर सावरत नकार दिला असता. आत्या एकोणीस वर्षं तळघरात काढलेली बाई, ती जास्तच सहज आत गेली. मी वर बसून स्टीअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे हलवत राहिले आणि मिस्तरी तिचा हात धरून एकेका सांध्यावर ठेवत गेले. बाहेर फक्त आवाज येत होते. मिस्तरी सांगत होते की स्टीअरिंगचा दांडा खाली येतो तिथे रबराचा जोड असतो, त्याचं रबर भुगा झालंय, वरचा भाग हलतो आणि खालच्याला ते नंतर कळतं. आत्या म्हणाली की आमच्या ऑफिसातही असंच आहे. तिथून पुढे रॅक, म्हणजे फिरवणं चाकांपर्यंत नेणारी आडवी पेटी. ती ज्या रबरांवर बसवलेली असते ती सैल, त्यामुळे चाकं ढकलायच्या आधी पेटीच सरकून घेते. आणि पेटीपासून चाकांपर्यंत जाणारे दोन दांडे, म्हणजे टायरॉड, त्यांच्या टोकांचे गोळे झिजलेले. म्हणजे आपण वर अर्ज द्यायचा, तो तीन टेबलांवर थोडा थोडा पडून राहायचा आणि मग चाकाला मंजुरी मिळायची. मी डॅशबोर्डवरचा अलाइनमेंटचा कागद दाखवला. मिस्तरी म्हणाले की आधी सांधे, मग अलाइनमेंट. डोकं हलत असताना भांग पाडायचा नसतो.

बाहेर येऊन हात पुसताना त्यांची नजर टपावरच्या पाटीवर गेली. ती त्यांनी दोनदा वाचली.

“या गाडीवर माणसं शिकतात?” त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाली, ही अशी झाल्यापासून चार वर्षं.

“मग शिकून ती कुठे जातात?”

“रस्त्यावर,” मी म्हणाले.

बाहेर रस्त्याच्या कडेला मिस्तरींची स्कूटर उभी होती, ती त्यांनी ढकलत आत आणली आणि गेट लावून घेतलं.

मालकाला विचारल्याशिवाय आपण पाना लावत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तोपर्यंत बाबांची झोपही संपली होती. आम्ही फोन केला आणि ते चालत आले. गेटमधून आत वळताना डावा खांदा खांबाला घासला. मिस्तरींनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. खडूच्या खुणा पाहिल्या. स्वतः स्टीअरिंग एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत नेलं आणि चाकाकडे वाकून बघितलं. चाक जागचं हललं नाही. मग त्यांनी मुद्दे मांडायला सुरुवात केली. एक म्हणजे सध्या सव्वीस विद्यार्थी या गाडीला सरावलेले आहेत, मध्येच ती सुधारली तर त्यांचं नुकसान होईल. दुसरं म्हणजे नीट वळणाऱ्या गाडीवर कोणीही शिकेल, त्यात स्कूलचं कौशल्य काय. तिसरा मुद्दा मागच्या काचेचा होता. तिथे रंगवलेलं आहे, ते पुसायला गेलं तर काच खराब होईल.

मिस्तरींनी ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधी आत्या बोलली. तिच्या कोपराला ग्रीस लागलेलं होतं.

“दादा, मला व्हॅन पाहिजे.”

एवढंच. बाबा थोरलीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. शाळेच्या पहिल्या दिवशी आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात ना, तसे. माझ्या पहिल्या दिवशी ते विद्यार्थी घेऊन बाहेर गेले होते, पण पद्धत मी इतरांची पाहिलेली आहे.

“कर,” ते मिस्तरींना म्हणाले. “पण माझ्यासमोर नको.”

दीड दिवसाने थोरली तयार झाली. नवा जोड, नवी रबरं, दोन्ही टायरॉड नवे, मग अलाइनमेंट. मिस्तरींनी पुन्हा खडूने खुणा करून दाखवल्या. आता दोन खुणांमध्ये माझा अंगठा मावत होता, तोही आखडून. जुने भाग बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मागून घेतले. ‘गाडी घरी मीच नेणार,’ असं म्हणून ते चालकाच्या सीटवर बसले. आत्या आणि मी मागे. मिस्तरींनी खिडकीशी येऊन समजावलं की मास्तर, आता ही लगेच ऐकते, सवयीने आधी वळू नका. बाबा म्हणाले की तेवीस वर्षं गाडी शिकवतोय. त्यांनी गिअर टाकला आणि गेट यायच्या आधी वळले.

“थांबा,” मिस्तरी म्हणाले. पण हा शब्द त्यांनी आयुष्यभर इतका वापरला होता की त्यात आता काही दम उरला नव्हता. थोरली चार वर्षांत पहिल्यांदा लगेच वळली होती आणि गेटच्या खांबावर जाऊन टेकली. वरचा पांढरा पत्रा सुटून बॉनेटवर पडला, अक्षरं आमच्याकडे करून.

पत्रा परत टांगून झाल्यावर थोरली घरी आत्याने आणली. तीही दोनदा कट्ट्याला लागली, पण ती मास्तर नव्हती, त्यामुळे तिला ते कळलं.

टेस्टला अकरा दिवस उरले होते. आत्याला आता शिकायचं काहीच नव्हतं, फक्त विसरायचं होतं. त्यासाठी मिस्तरींनी तिला एक सोपी खूण सांगितली होती: वळणाचा कोपरा आपल्या खांद्याशी आला की वळा, त्याआधी हात हलवायचा नाही. रोज सकाळी वाचनालयाच्या आधी ती थोरली काढायची. बाबा सोबत यायला तयार नव्हते, म्हणून मी बाजूला बसायचे. माझ्या पायाखाली ब्रेक होता. ती मोठ्याने स्वतःला सांगायची, ‘अजून नाही, अजून नाही, अजून नाही, आता.’ पहिल्या चार दिवसांत ‘आता’ आणि कट्टा एकदमच यायचे. मग कट्टा मागे पडू लागला. ती घरातही तसंच चालायची. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ‘अजून नाही, आता’ म्हणत काटकोनात आत जायची. नवव्या दिवशी आई म्हणाली की एवढ्या वर्षांत पहिल्यांदा या घरातलं कोणीतरी दारातून आत आलं.

आठव्या दिवशी बाबांना पत्र आलं होतं. लायसन्सच्या ऑफिसने लिहिलं होतं की आपले सर्व विद्यार्थी एकाच पद्धतीने नापास होत आहेत, अशी शिस्त अन्य कोणत्याही स्कूलमध्ये आढळत नाही, तरी आपण स्वतः येत्या शुक्रवारी टेस्टला हजर राहावे. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि ‘शिस्त’ हा शब्द अधोरेखित केला.

शुक्रवारी आम्ही तिघं थोरली घेऊन गेलो. ऑफिसची पांढरी गाडी मैदानात उभी होती. सीटवर प्लास्टिक अजून होतं, पण पुढच्या चाकांच्या वाट्या ठेचलेल्या होत्या. आठ महिने आमचे विद्यार्थी तिला त्या कट्ट्यावर चढवत होते.

बाबांचा नंबर आधी होता. ते बसले, परीक्षक साहेब बाजूला बसले आणि गाडी निघाली. मी आणि आत्या कुंपणाशी उभ्या होतो. पहिलं वळण आलं. म्हणजे आलं नव्हतं, पण बाबा वळले. मी डोळे मिटले. आपटल्याचा आवाज आला नाही म्हणून उघडले. गाडी वळणाच्या बरोबर मधून, तारेवरून मणी ओघळावा तशी गेली. दुसरं वळणही तसंच. खांबांमधून नागमोडी जायचं होतं, तिथे बाबा असे गेले की रांगेत उभ्या असलेल्या इतर स्कूलच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक साहेब उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की गेल्या आठवड्याभरात हे मैदान एकालाही जमलेलं नाही, सगळे वळणाबाहेर जाऊन आदळतात, आणि इथे बघा. बाबांच्या फॉर्मवर त्यांनी ‘उत्कृष्ट’ लिहिलं. बाबा आमच्याकडे चालत आले तेव्हा त्यांची मान अशी होती की मागच्या काचेवरचं वाक्य आता टपावरही रंगवतात की काय असं मला वाटलं.

“बघितलंस, छोटे? आधीच वळायचं असतं,” ते म्हणाले.

आत्याचा नंबर आला. ती बसली, पट्टा लावला आणि गाडी सुरू करायच्या आधी, मिस्तरींनी शिकवलं होतं तसं, स्टीअरिंग दोन बोटांनी इकडेतिकडे हलवून पाहिलं. मग काच खाली करून पुढच्या चाकाकडे वाकून पाहिलं. पुन्हा हलवलं. मग तिने किल्ली न फिरवताच पट्टा काढला आणि उतरली.

परीक्षक साहेबांनी विचारलं की काय झालं. ती म्हणाली की साहेब, गाडी उशिरा ऐकते.

साहेब हसले. नापास व्हायच्या आधीच गाडीला दोष देणारी ही पहिलीच बाई, असं त्यांनी रांगेकडे बघून म्हटलं. वर असंही म्हणाले की गाडी नवी आहे, प्लास्टिकही काढलेलं नाही. आत्याने पर्समध्ये खडू शोधला. तो नव्हता. मग तिने वाचनालयाचा तारखेचा शिक्का आणि शाईची डबी काढली. एकोणीस वर्षांत ती त्यांच्याशिवाय घराबाहेर पडलेली नव्हती. तिने साहेबांना चाकाजवळ उभं केलं, स्वतः स्टीअरिंग फिरवत गेली आणि चाक हललं की सांगा म्हणाली. साहेब बराच वेळ उभे राहिले. मग ‘हललं’ म्हणाले, अगदी माझ्याच आवाजात. आत्याने शिक्का मारला. दुसऱ्या बाजूलाही मारला. सरकारी स्टीअरिंगवर दोन ठिकाणी ‘परत करण्याची तारीख’ असं पुसट उमटलं होतं आणि मधल्या जागेत तिचे दोन्ही पंजे मावत होते.

बाबा कुंपणाशी उभे होते. त्यांच्या मानेत काहीतरी सैल होत गेलेलं मला दिसलं. गाडी सदोष ठरली तर त्या गाडीवरचं ‘उत्कृष्ट’ही गेलं, हे त्यांना कळत होतं. आत्यालाही कळत होतं. तिला गप्प बसताही आलं असतं. आधी वळायची जुनी सवय तिच्या हातात कुठेतरी असणारच होती, आणि मग दोघंही पास झाले असते. मी नंतर तिला हे विचारलं. ती म्हणाली की एवढ्या कष्टाने विसरलेलं परत आठवायला मी काय वेडी आहे?

परीक्षक साहेब सरळ झाले. त्यांनी स्टीअरिंगकडे पाहिलं, कट्ट्याकडे पाहिलं आणि मग बाबांकडे पाहिलं.

“मग तुम्ही कसं चालवलंत?”

इथे दुसरा कोणी असता तर अनुभव म्हणाला असता, नशीब म्हणाला असता, निदान खोकला असता. पण मैदानातली सगळी मुलं बघत होती आणि बाबांना राहवलं नाही.

“सवयीने, साहेब,” ते म्हणाले. “चार वर्षांची सवय आहे.”

साहेबांनी त्यांच्या फॉर्मवरच्या ‘उत्कृष्ट’वर एक रेघ मारली. मग फाइल काढून आठ महिन्यांचे शेरे चाळले, आणि मला पहिल्यांदाच त्या माणसाची दया आली.

ऑफिसची गाडी बंद असेल तर स्कूलची गाडी चालते, असा जुना नियम अजून फाइलमध्ये होता. साहेबांनी आधी स्वतः थोरलीचं स्टीअरिंग हलवून पाहिलं. अंगठाभर. मग आत्या बसली. मी कुंपणाशी उभी होते तिथूनही तिचे ओठ हलताना दिसत होते. पहिल्या वळणाशी थोरली इतका वेळ सरळ गेली की साहेबांनी दाराचं हँडल धरलं. अजून नाही, अजून नाही. मग कोपरा तिच्या खांद्याशी आला आणि थोरली वळली. कट्टा होता तिथेच राहिला. सगळं मैदान संपेपर्यंत तो होता तिथेच राहिला.

आत्या पास झाली. तिच्यानंतर, तिथेच, बाबांची फेरटेस्ट झाली. स्वतःच्या गाडीवर, ज्या मैदानात अर्ध्या तासापूर्वी टाळ्या मिळाल्या होत्या तिथे. त्याबद्दल फार लिहीत नाही, शेवटी वडील आहेत. पहिल्या वळणाला गेले. फॉर्मवरचा शेरा तुम्हाला पाठ आहे.

आता सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी व्हॅन वाचनालयातून निघते आणि तळघराच्या खिडकीत तो अठ्ठावीस वर्षांचा माणूस बसलेला असतो. व्हॅन नाही तर शिक्के, म्हणून त्याला तिथे घेतलं. त्याची तब्येत अजून तरी उत्तम आहे. जाताना आत्या एकदा हॉर्न वाजवते, कारण तिला माहीत आहे की त्याला फक्त चाकं दिसतात.

संध्याकाळी ती आमच्याकडे येते. बाबांच्या पुढच्या टेस्टला तीन आठवडे आहेत आणि तोपर्यंत स्कूल बंद आहे. बाबा चालकाच्या सीटवर बसतात, ती बाजूला ब्रेकवर पाय ठेवून बसते आणि मी मागे, जुन्या जोडाचं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बोचकं मांडीवर घेऊन. ते गाडीत असलं की थोरलीला बरं वाटतं, असं बाबांचं म्हणणं आहे. मागची काच मी गेल्या रविवारी ब्लेडने खरवडली. ‘वळण’ आणि ‘वळा’ निघाले. ‘यायच्या आधी’ निघत नाही.

“अजून नाही,” आत्या म्हणते. चष्म्याच्या दुकानाचा खांब जवळ येतो. दुकानदार पायरीवरून उठून आत जातो. “अजून नाही, दादा. हात खाली.”

बाबा वर गेलेला हात खाली घेतात. चार वर्षांची दूरदृष्टी आवरून धरणं सोपं नसतं. खांब जातो, कोपरा येतो, खांद्याशी येतो.

“आता.”

काल ते पहिल्यांदा वेळेवर वळले. गल्ली सरळ समोर उघडली आणि कशालाही काही लागलं नाही. बाबांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बॉनेटकडे बघितलं.

“छोटे,” ते म्हणाले, “फार उतावळी झालीय गं ही.”

मग उतरले, घरात आले, पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळले, आणि चौकटीला खांदा घासला.